विभवांतर आणि विद्युतधारा यांवरून रोध व शक्ती काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विभवांतर आणि विद्युतधारा माहीत असल्यास रोध आणि शक्ती कशी काढावी?

विभवांतराला, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात व्होल्टेज म्हणतो त्याला, विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि त्याच दोन राशींचा गुणाकार केला की शक्ती मिळते.

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

विभवांतर व्होल्टमध्ये आणि धारा अँपिअरमध्ये घेतली, तर रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये येते. एखाद्या तापक तारेच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट विभवांतर असेल आणि तिच्यातून २ अँपिअर धारा जात असेल, तर तिचा रोध ६ ओहम आणि ती घेत असलेली शक्ती २४ वॅट होय.

आकडेमोड एवढीच आहे, आणि ती क्वचितच चुकते. चूक होते ती आकडे निवडताना. विभवांतर एका घटकाचे आणि धारा दुसऱ्याच घटकाची घेतली जाते, किंवा दोन्ही राशी एकाच घटकाच्या असल्या तरी त्या वेगवेगळ्या वेळी मोजलेल्या असतात. म्हणून सूत्रात आकडे घालण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की हे विभवांतर नेमके कोणत्या दोन बिंदूंमधले आहे आणि ही धारा त्याच दोन बिंदूंमधल्या घटकातून त्याच क्षणी जात आहे का. पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका विचारण्यापाशी येऊन थांबतात.

व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार वॅटमध्येच का येतो?

एक व्होल्ट म्हणजे प्रत्येक कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा, आणि एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम प्रभार. दोहोंचा गुणाकार केला की कूलोम निघून जातो आणि दर सेकंदाला एक ज्यूल उरतो, तोच एक वॅट. त्यामुळे हे सूत्र कोणत्याही विशिष्ट पदार्थावर अवलंबून नाही. रोधक, दिवा, मोटर किंवा चार्ज होणारी बॅटरी यांपैकी काहीही असले, तरी त्या क्षणीचे विभवांतर आणि त्या क्षणीची धारा यांचा गुणाकार म्हणजे त्या क्षणी त्या घटकात जाणारी शक्तीच असते.

रोधाच्या सूत्राचे तसे नाही. भागाकार कोणत्याही घटकासाठी करता येतो, पण येणारी संख्या त्या घटकाचा स्थिर गुणधर्म असेलच असे नाही. जर्मन शिक्षक गेओर्ग सिमोन ओहम यांनी धातूंच्या तारांवर प्रयोग करून धारा आणि विभवांतर यांचे समप्रमाण दाखवले आणि १८२७ साली ते पुस्तकरूपाने मांडले. सुरुवातीला त्यांनी वापरलेल्या विद्युतघटांचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरत असे, म्हणून त्यांनी पुढे दोन धातूंच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्याने आणि दुसरे बर्फाने आपापल्या स्थिर तापमानाला ठेवून स्थिर विभवांतर मिळवले. त्यांच्या कामातला हा भाग मला सूत्राइतकाच मोलाचा वाटतो, कारण वाचन स्थिर नसेल तर त्यावरून काढलेला भागाकार काहीच सांगत नाही.

मिलिअँपिअर आणि किलोओहम असतील तर काय करावे?

सर्वात निर्धोक मार्ग म्हणजे आधी सर्व राशी मूळ एककांत आणाव्यात. १ मिलिअँपिअर म्हणजे ०.००१ अँपिअर आणि १ किलोओहम म्हणजे १००० ओहम. सवय झाल्यावर एक सोय वापरता येते. व्होल्टला मिलिअँपिअरने भागले की उत्तर थेट किलोओहममध्ये येते, आणि व्होल्टला मिलिअँपिअरने गुणले की मिलिवॅट मिळतात. उदाहरणार्थ, ९ व्होल्ट आणि ३ मिलिअँपिअर यांवरून रोध ३ किलोओहम आणि शक्ती २७ मिलिवॅट येते.

मीटर कुठे आणि कसा जोडावा?

व्होल्टमीटर घटकाच्या दोन टोकांना समांतर जोडतात, तर अ‍ॅमीटरसाठी परिपथ तोडून तो घटकाशी एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडावा लागतो. मल्टिमीटर धारेच्या स्थितीत ठेवून तो चुकून घटकाच्या किंवा बॅटरीच्या दोन टोकांना समांतर लावला, तर मीटरचा स्वतःचा रोध अत्यल्प असल्यामुळे ते जवळजवळ शॉर्ट सर्किटच होते. अशा वेळी मीटरमधला फ्यूज उडतो, आणि स्रोत मोठा असेल तर इजाही होऊ शकते. धारा मोजून झाल्यावर तारा लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावण्याची सवय म्हणूनच फार उपयोगी आहे.

रोध थेट ओहमच्या स्थितीत मोजायचा असेल, तर घटकाचा वीजपुरवठा बंद हवा आणि त्याचे निदान एक टोक परिपथातून मोकळे केलेले हवे. नाहीतर मीटर शेजारच्या समांतर वाटाही धरून एकत्रित रोध दाखवतो.

घरातील मुख्य वीजपुरवठ्यावर परिपथ तोडून धारा मोजण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. शिकणाऱ्याने सर्व प्रयोग कमी व्होल्टेजच्या बॅटरीवर करावेत. सूत्रे तिथेही तीच असतात.

मीटर जोडल्यामुळेच उत्तर बदलते, हे खरे आहे का?

होय. अ‍ॅमीटरला थोडा रोध असतो आणि व्होल्टमीटर स्वतःतून थोडी धारा वाहू देतो, त्यामुळे दोन्ही मीटर एकाच वेळी लावले की दोहोंपैकी एकाचे वाचन घटकाचे निखळ वाचन राहत नाही.

व्होल्टमीटर अ‍ॅमीटर आणि घटक या दोघांच्या मिळून बाहेरच्या टोकांना लावला, तर धारा बरोबर येते, पण विभवांतरात अ‍ॅमीटरचा वाटाही मोजला जातो. घटक २ ओहमचा आणि अ‍ॅमीटर ०.५ ओहमचा असेल, तर भागाकार २.५ ओहम येईल, म्हणजे तब्बल २५ टक्के जास्त. याउलट व्होल्टमीटर थेट घटकाच्या टोकांना लावला, तर विभवांतर बरोबर येते, पण अ‍ॅमीटर घटकाबरोबर व्होल्टमीटरचीही धारा मोजतो. घटक १० लाख ओहमचा आणि व्होल्टमीटर १ कोटी ओहमचा असेल, तर उत्तर सुमारे ९.०९ लाख ओहम येते.

यावरून निवड कशी करावी ते उघड आहे. लहान रोध मोजताना व्होल्टमीटर थेट घटकावर लावावा, कारण तिथे व्होल्टमीटरची धारा घटकाच्या धारेपुढे नगण्य असते. मोठा रोध मोजताना व्होल्टमीटरने अ‍ॅमीटरलाही कवेत घ्यावे, कारण मोठ्या रोधापुढे अ‍ॅमीटरचा अर्धा ओहम नगण्य असतो.

उत्तरात किती अंक लिहावेत?

मोजमापाने जेवढे दिले तेवढेच. समजा विभवांतर १२.० व्होल्ट असून त्यात ०.१ व्होल्टची अनिश्चितता आहे, आणि धारा ०.५० अँपिअर असून तीत ०.०१ अँपिअरची आहे. रोध २४ ओहम येतो, पण १२.१ ला ०.४९ ने भागल्यास २४.७ आणि ११.९ ला ०.५१ ने भागल्यास २३.३ येतात, म्हणजे उत्तर २४ ओहमच्या दोन्ही बाजूंना सुमारे ०.७ ओहम हलू शकते. अशा वेळी गणकयंत्रावर दिसलेले सहा-सात अंक उतरवून घेणे म्हणजे मोजमापात नसलेली अचूकता त्याच्या माथी मारणे होय.

रोध वाढला की शक्ती वाढते की कमी होते? दोन सूत्रे परस्परविरुद्ध का वाटतात?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो खरोखर चांगला प्रश्न आहे. ओहमच्या नियमाने विभवांतर किंवा धारा यांपैकी एक राशी काढून टाकली, की शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात.

शक्ती = धारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

पहिल्या रूपात रोध गुणिला जातो, दुसऱ्यात त्याने भागले जाते, म्हणून विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. परंतु दोन्ही विधानांत एक न उच्चारलेली अट आहे. पहिले विधान धारा स्थिर राहिली तर काय होते ते सांगते, आणि दुसरे विभवांतर स्थिर राहिले तर काय होते ते सांगते. रोध बदलताना या दोहोंपैकी कोणती राशी खरोखर स्थिर राहते, हे सूत्र सांगत नाही. ते परिपथ पाहूनच ठरवावे लागते.

१० ओहम आणि २० ओहमचे दोन रोधक घेऊन ते १२ व्होल्टच्या बॅटरीला समांतर जोडले, असे समजू. दोघांनाही पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. १० ओहमच्या रोधकात १.२ अँपिअर धारा आणि १४.४ वॅट शक्ती, तर २० ओहमच्या रोधकात ०.६ अँपिअर आणि ७.२ वॅट. लहान रोध जास्त तापतो.

आता तेच रोधक त्याच बॅटरीला एकसर जोडू. एकूण रोध ३० ओहम, म्हणून दोघांतूनही ०.४ अँपिअर इतकी एकच धारा जाते. १० ओहममध्ये ४ व्होल्ट आणि १.६ वॅट, २० ओहममध्ये ८ व्होल्ट आणि ३.२ वॅट. या वेळी मोठा रोध जास्त तापतो. पडताळा म्हणून बॅटरीची एकूण शक्ती पाहावी. १२ व्होल्ट गुणिले ०.४ अँपिअर म्हणजे ४.८ वॅट, आणि १.६ व ३.२ यांची बेरीजही तितकीच येते. हा पडताळा दर वेळी करावा असे मला वाटते, कारण एखाद्या रोधकासाठी चुकून पूर्ण १२ व्होल्ट धरले गेले असतील, तर ती चूक या बेरजेत लगेच उघडी पडते.

धारेचा वर्ग गुणिले रोध हा उष्णतेचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केला. दूरवर वीज नेताना व्होल्टेज वाढवण्याचे कारण याच वर्गात दडलेले आहे. तेवढीच शक्ती दहापट व्होल्टेजने नेली तर धारा एक दशांश होते आणि तारेत वाया जाणारी उष्णता एक शतांशावर येते.

दिव्यावर २३० व्होल्ट, ६० वॅट लिहिले आहे, पण मल्टिमीटर हिशेबापेक्षा फारच कमी रोध दाखवतो. दिवा बिघडला आहे का?

नाही, तो चांगलाच आहे. तंतूच्या दिव्यावरील आकड्यांवरून धारा ६० ÷ २३० म्हणजे सुमारे ०.२६ अँपिअर आणि रोध सुमारे ८८२ ओहम येतो. मात्र हा रोध पेटलेल्या दिव्याचा आहे, जेव्हा टंगस्टनचा तंतू सुमारे २५०० अंश सेल्सिअसला असतो. धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या साधारण एक दशांश ते एक पंधरांश, म्हणजे ६० ते ९० ओहम इतकाच असतो. मल्टिमीटर तोच दाखवतो.

इथे दोन आकडे चुकीचे नसून ते दोन वेगळ्या स्थितींचे आहेत. थंड अवस्थेतला रोध पेटलेल्या अवस्थेच्या व्होल्टेजबरोबर वापरला, तर शक्ती ६०० वॅटच्या वर येईल, आणि दिवा लावल्याच्या पहिल्या क्षणी ती खरोखरच तेवढी असू शकते. तंतूचे दिवे बहुधा लावतानाच जातात, त्याचे हे एक कारण आहे.

तांब्याच्या तारेतही हा परिणाम असतो, पण सौम्य. तापमान दर अंशाने वाढले की रोध सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे ५० अंशांच्या वाढीने जवळजवळ २० टक्के. मोठ्या मोटरीच्या वेटोळ्याचे तापमान त्याच्या वाढलेल्या रोधावरून काढतात, ते याच आधारावर.

व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झाले तर शक्तीही १० टक्क्यांनीच कमी होते का?

साध्या तापकाच्या बाबतीत शक्ती जवळजवळ १९ टक्क्यांनी कमी होते, कारण व्होल्टेजबरोबर धाराही घटते. २३० व्होल्ट, २००० वॅटच्या तापकाचा रोध २६.४५ ओहम आहे. त्याला २०७ व्होल्ट मिळाले तर शक्ती १६२० वॅट उरते. मात्र ज्या उपकरणात व्होल्टेज सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक परिपथ असतात, त्यांना हा हिशेब लावू नये. व्होल्टेज घटले की त्यांतली काही उपकरणे उलट जास्त धारा घेतात आणि शक्ती जवळपास तेवढीच ठेवतात.

एलईडीसाठी रोधक किती ओहमचा आणि किती वॅटचा घ्यावा?

एलईडी ओहमचा नियम पाळत नाही. तिच्यावरचे विभवांतर थोडे वाढले की धारा झपाट्याने वाढते, म्हणून धारा आवरण्यासाठी तिच्याशी एकसर रोधक लावतात. समजा स्रोत ५ व्होल्टचा आहे, एलईडीवर २ व्होल्ट पडतात आणि तिला १५ मिलिअँपिअर धारा द्यायची आहे. रोधकाच्या वाट्याला ५ नव्हे, ३ व्होल्ट येतात. म्हणून रोध ३ ÷ ०.०१५ म्हणजे २०० ओहम. पूर्ण ५ व्होल्ट धरून ३३३ ओहम काढणे ही नेहमीची चूक आहे. तिने एलईडी जळत नाही, फक्त मंद लागते, आणि म्हणूनच ती चूक ध्यानात येत नाही.

रोधकात ०.०४५ वॅट खर्च होतात, तेव्हा पाव वॅटचा रोधक पुरेसा आहे. रोधकावर दिलेली शक्ती ही त्याची सहनशक्ती असते, तो नेहमी तेवढी शक्ती घेतो असे नव्हे. १०० ओहमचा पाव वॅटचा रोधक ५ व्होल्टला, म्हणजे ५० मिलिअँपिअरला, आपल्या मर्यादेवर पोहोचतो. मी सहसा हिशेबाने आलेल्या शक्तीच्या दुप्पट क्षमतेचा रोधक घेतो, कारण बंद डबीत हवा खेळत नाही आणि उष्णता साचत जाते.

तारेचा रोध हिशेबात धरावा का?

तार आखूड आणि धारा लहान असेल तर सोडून द्यावा, अन्यथा जरूर धरावा. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० मीटर अंतरावर नेली, तर जाण्या-येण्याची लांबी ४० मीटर होते आणि तिचा रोध सुमारे ०.४६ ओहम भरतो. १० अँपिअरला तीत ४.६ व्होल्ट पडतात आणि ४६ वॅट उष्णता होते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ही घट २ टक्के आहे, पण १२ व्होल्टच्या व्यवस्थेत ती एक तृतीयांशाहून अधिक आहे. येण्याची तार विसरल्याने उत्तर निम्मे येते, हे लक्षात ठेवावे.

तारेपेक्षाही मला सैल जोडाची काळजी अधिक वाटते. एखाद्या जोडाचा रोध ०.२ ओहम झाला, तर १० अँपिअर धारेला तिथे २० वॅट उष्णता निर्माण होते. ४० मीटर तारेत पसरलेले ४६ वॅट हाताला जेमतेम जाणवतील, पण स्क्रूच्या टोकाएवढ्या जागेत साचलेले २० वॅट प्लास्टिक वितळवू शकतात. वाढलेल्या रोधामुळे धारा वाढत नाही, उलट किंचित कमी होते, त्यामुळे फ्यूज किंवा एमसीबीला (जास्त धारेला आपोआप बंद होणाऱ्या स्विचला) यातले काहीच कळत नाही. जळका वास आला किंवा सॉकेट तापलेले लागले, तर पुरवठा बंद करून तो जोड लगेच तपासून घ्यावा.

बॅटरीचा अंतर्गत रोध याच पद्धतीने काढता येतो का?

येतो, पण इथे विभवांतरातला फरक घ्यावा लागतो. बॅटरी मोकळी, म्हणजे भार न जोडलेली, असताना १२.६ व्होल्ट आणि १० अँपिअर धारा देताना १२.१ व्होल्ट दिसले, तर ०.५ ÷ १० म्हणजे ०.०५ ओहम हा अंतर्गत रोध. १२.१ ला १० ने भागून जे १.२१ ओहम येतात, तो बाहेरच्या भाराचा रोध आहे. दोन्ही वाचने थोड्याच वेळाच्या अंतराने घ्यावीत, कारण बॅटरी उतरत गेली की मोकळे विभवांतरही खाली येते.

प्रत्यावर्ती विद्युतधारेसाठी (एसी) हीच सूत्रे चालतात का?

तापक आणि तंतूचे दिवे यांना चालतात, फक्त आरएमएस मूल्ये (तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर विभवांतराची किंवा धारेची मूल्ये) वापरावीत, आणि मीटरवर सहसा तीच दिसतात. २३० व्होल्ट हे आरएमएस मूल्य असून त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. मोटर, ट्रान्सफॉर्मर, चोक यांत मात्र धारा विभवांतराच्या मागे रेंगाळते. २३० व्होल्टवर ४ अँपिअर घेणाऱ्या मोटरीचा गुणाकार ९२० येतो, पण तो व्होल्ट-अँपिअर आहे, वॅट नव्हे. पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा वाटा, ०.८ असेल तर खरी शक्ती ७३६ वॅट. त्याचप्रमाणे २३० ÷ ४ म्हणजे ५७.५ ओहम हा इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण अडथळा, असून त्याला रोध म्हणणे चूक ठरते.

दिष्ट धारेवरच्या (डीसी) मोटरीतही व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे तिचा रोध का नसतो?

कारण फिरणारी मोटर स्वतः विरुद्ध दिशेचे विभवांतर निर्माण करते. समजा १२ व्होल्टवर एक लहान मोटर १ अँपिअर घेत आहे आणि तिच्या वेटोळ्याचा रोध १.५ ओहम आहे. भागाकार १२ ओहम येतो, पण वेटोळ्याच्या रोधावर फक्त १.५ व्होल्ट पडतात आणि उरलेले १०.५ व्होल्ट विरोधी विभवांतराला तोंड देतात. मोटर १२ वॅट घेते, हे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकाराने बरोबरच आहे. त्यांपैकी १.५ वॅट वेटोळ्यात उष्णता होतात आणि १०.५ वॅट फिरण्याकडे जातात, ज्यांतला काही भाग घर्षणात जातो. धारेच्या वर्गाचे सूत्र १२ ओहम घेऊन वापरले, तर सर्वच्या सर्व १२ वॅट उष्णता दाखवून ते आपली दिशाभूल करते.

मोटर अडकून थांबली की विरोधी विभवांतर शून्य होते. मग धारा १२ ÷ १.५ म्हणजे ८ अँपिअर आणि शक्ती ९६ वॅट होते, आणि ती सगळी उष्णताच असते. अडकलेली मोटर चालू राहू दिली तर वेटोळे जळते, ते यामुळेच.

वेटोळ्याचा खरा रोध मोजायचा असेल, तर दांडा घट्ट धरून मोटरीला फार कमी विभवांतर द्यावे आणि विभवांतर व धारा एकाच वेळी वाचावी. वरील मोटरीला १.५ व्होल्ट दिले तर सुमारे १ अँपिअर धारा मिळेल. फिरत्या वेटोळ्याला धारा पोचवणाऱ्या ब्रशचा स्पर्श जागोजागी थोडा वेगळा असतो, म्हणून दांडा थोडा थोडा फिरवून पाच-सहा ठिकाणी वाचने घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी. मोजणी झटपट आटोपावी, नाहीतर वेटोळे तापून रोध वाढू लागतो.